शाळेत गाण्याचे सर हवेत की स्मार्ट बोर्ड पुरे?

मिरजेची_आई:
आमची शाळा मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. पालकसभेत विषय निघाला की संगीताच्या तासाला बोर्डवर गाणी लावायची, मुलं मागोमाग म्हणतील, वेगळे शिक्षक कशाला, तो पैसा स्कॉलरशिपच्या जादा तासांना वापरू. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही. आमच्याच गावात सितारमेकर गल्लीत तंबोरे बनतात, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला आणि इथल्याच पोरांनी तंबोरा स्क्रीनवर बघायचा? पुढच्या सभेत नीट मुद्दे मांडायचेत. समोर बसून शिकवण्याने नेमका काय फरक पडतो ते कुणी सांगेल का?

पेटीवाले_सर:
ताई, पहिला मुद्दा पट्टीचा मांडा, म्हणजे सा किती उंच किंवा खाली धरायचा त्याचा. रेकॉर्डेड गाणं एकाच पट्टीत असतं. सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटतो, वरचे स्वर लागेनासे होतात, मग ती पोरं नुसते ओठ हलवतात आणि हळूहळू धरून बसतात की आपल्याला गाणं येत नाही. समोर शिक्षक असेल तर त्याला ते लगेच ऐकू येतं, तो पेटीवर पट्टी खाली घेतो, किंवा त्या मुलांना काही दिवस ठेक्यावर बसवतो, पण तासातून तुटू देत नाही. लयीचंही तेच. तीनतालात टाळी-खाली धरताना अर्धा वर्ग पुढे पळतो, तेव्हा थांबून परत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणावं लागतं, बोर्ड थांबत नाही तो पुढे जातो. आणि भूपासारखा पाच स्वरांचा राग घेऊन अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, घोटून घेतले ना तर मुलं एकमेकांचं ऐकायला लागतात, चाळीस जणांचा एक सा लागतो तेव्हा वर्गातला गलका आपोआप बसतो, हे मी दरवर्षी बघतो.

गणितवाले_बाबा:
विरोधाला विरोध म्हणून नाही, पण ज्यांना आवड आहे ते क्लास लावतातच की. परीक्षा देतात, दहावीला सवलतीचे गुणही मिळतात. बाकीच्यांसाठी वर्षातून एकदा चांगला कलाकार बोलवा. स्पिक मॅके ही संस्था 1977 पासून हेच करतेय, शाळा-कॉलेजात मोठमोठे कलाकार येऊन गातात, वाजवतात. पगारी शिक्षक कशाला?

झेडपी_गुरुजी:
बाबा, क्लास तालुक्याला असतो, फी असते, एसटीच्या वेळा असतात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं ऊसतोड कामगारांची, त्यांना गाणं भेटलं तर शाळेतच भेटणार, नाहीतर नाही. आमच्याकडे पैसा नव्हता म्हणून गावच्या भजनी मंडळातल्या आजोबांना शनिवारी बोलावतो, पखवाज घेऊन येतात, पोरं टाळ धरतात. नोटेशन वगैरे नाही त्यांच्याकडे पण ठेका असा पक्का करून घेतात की जी पोरगी वाचताना अडखळते ती अभंग न चुकता म्हणते आणि त्याच अभंगाची ओळ मी फळ्यावर लिहिली की वाचूनही दाखवते. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही, पण तिचं झालंय.

पेटीवाले_सर:
गुरुजी, मनापासून नमस्कार. बाबा, स्पिक मॅकेबद्दल मलाही आदर आहे, पण कलाकार गाऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मुलं विचारतात आम्हाला असं कधी येणार, तेव्हा उत्तर द्यायला शाळेत कुणीतरी हवं ना. पूर्वी गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहावं लागायचं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणल्या, ते दार सगळ्यांना उघडं व्हावं म्हणूनच. आणि आता आपण म्हणायचं की ज्याला परवडेल त्याने बाहेर शिकावं?

गणितवाले_बाबा:
क्लास न परवडणाऱ्यांचा मुद्दा मान्य. पण खर्चाचं काय ते सांगा, सभेत पहिला प्रश्न तोच येणार.

झेडपी_गुरुजी:
पूर्ण पगारी नको, तासिका तत्त्वावर घ्या, आठवड्याला प्रत्येक वर्गाला एक तास. जवळपासच्या दोन-तीन शाळांनी मिळून एकच शिक्षक घेतला तर त्याचंही भागतं. एक पेटी, एक तबला-डग्गा, टाळांच्या चार जोड्या, सुरुवातीला एवढं पुरे.

मिरजेची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. पट्टीचा मुद्दा तर माझ्या स्वतःच्या मुलाला तंतोतंत लागू आहे, नववीत गेल्यापासून प्रार्थनेतसुद्धा गप्प उभा असतो. शेजारच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांशी सभेच्या आधीच बोलते. आणि मुलांना सितारमेकर गल्लीत न्यायचंही सुचवते, पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्याचा तंबोरा कसा होतो, तारांखालच्या घोडीवर जवारी कशी काढतात, म्हणजे ती घासून तारेला गुंजणारा आवाज कसा आणतात, ते कारागिराच्या शेजारी बसूनच बघू देत. सर, नववीच्या मुलांना सुरुवात कोणत्या पट्टीत करायची तेवढं सांगाल का?

पेटीवाले_सर:
आधी पट्टी ठरवूच नका ताई. प्रत्येकाला सहज म्हणता येईल असा सा लावायला सांगा, बहुतेकांचा जिथे येईल ती पट्टी धरा आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत तपासा, या वयात ती बदलत राहते.