मदत हवी आहे : हाडं ठिसूळ झालीत, नुसती व्हिटॅमिन डीची पुडी पुरेल का?

नमस्कार मंडळी. सासूबाईंसाठी विचारते आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

वय ७४. साताऱ्याला त्या आणि सासरे दोघंच असतात. थायरॉइडची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू, शुगर काठावर (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ६.१), किडनीची तपासणी (क्रिएटिनिन) नॉर्मल. पावसाळ्याआधी पाठ धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर रक्तातलं व्हिटॅमिन डी निघालं ११, म्हणजे खूपच कमी. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली. परत तपासलं तर ३४. सगळ्यांना हायसं वाटलं.

पण डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.८ आला आहे. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असं धरतात. डॉक्टर म्हणाले, डी भरून निघालं ते उत्तम, पण आता हाडांचं औषध सुरू करायला हवं : आठवड्याला एक ॲलेन्ड्रोनेटची गोळी, नाहीतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन. इथेच गाडी अडली आहे.

आईंचं म्हणणं, "रिपोर्ट चांगला आलाय ना, मग आणखी औषधं कशाला?" नणंदेच्या ओळखीतल्या एक बाई दरवर्षी सहा लाखांचं डीचं इंजेक्शन घेतात, म्हणून तेच देऊन टाकावं असं तिला वाटतं, वर्षभर बघायला नको. दीर म्हणतात, डी वाढवलं की शुगरही उतरते, तेव्हा पुडी दर आठवड्याला चालूच ठेवा. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो, त्यामुळे अडवणारं कुणी नाही. प्रत्येकजण काळजीपोटीच बोलतोय हे मला कळतं, पण मधल्या मध्ये खरं औषध राहून जातंय.

गोळीचीही पंचाईत आहे. ती उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. आईंची थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच, आणि पाचला उठल्या की चहा लागतोच. पुन्हा पित्ताचा त्रास.

इंजेक्शनचं आणि शुगरचं खरं काय? गोळी की सलाईन? कुणाच्या घरी दिली असेल तर अनुभव सांगा. आणि आईंना कसं समजवावं? त्या रोज सकाळी साडेसातला शाल पांघरून गॅलरीत कोवळ्या उन्हात बसतात, त्याने डी मिळतं अशी त्यांची खात्री आहे.

प्रतिसाद

मी निवृत्त फिजिशियन आहे. आईंना न तपासता सांगतोय, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

सहा लाखांचं इंजेक्शन नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर अभ्यास झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे दिले. त्यांच्यात पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढलं. वृद्धांना एकदम मोठा डोस देण्याबद्दल मी तेव्हापासून फार सावध झालो.

शुगरसाठी डी देऊ नका. प्रीडायबिटीस (शुगर काठावर) असलेल्या २,४२३ जणांना रोज ४,००० युनिट किंवा बिनऔषधाची गोळी देऊन पाहिली (२०१९), मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. दर आठवड्याची पुडी बेमुदत चालू ठेवली तर डी अंगात साठत जातं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं : भूक मरते, बद्धकोष्ठ होतो, सारखी तहान आणि लघवी, मग किडनीवर ताण. म्हातारपणी ही लक्षणं वयाच्या नावावर खपून जातात.

मग डी निरुपयोगी का? मुळीच नाही. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या स्त्रियांना रोज ८०० युनिट डी आणि कॅल्शियम दिलं, तेव्हा खुब्याची फ्रॅक्चर्स कमी झाली (१९९२). त्या फार वयस्कर होत्या आणि त्यांच्यात डीची कमतरता सर्रास होती. उलट अमेरिकेत पंचवीस हजारांवर साधारण धडधाकट माणसांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट दिले, तिथे फ्रॅक्चर कमी झाली नाहीत (२०२२). म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. पण पोकळ झालेलं हाड नुसत्या डीने सावरत नाही. आईंना हेच सांगा. डी आणि कॅल्शियम म्हणजे वाळू-सिमेंट, बांधणारा गवंडी वेगळा लागतो. आता रोजचा छोटा डोस पुरे. सत्तरीपुढे ८०० युनिट लागतात असं धरतात.

कोवळं उन्ह सुखाचं असतं, पण त्वचेत डी बनवणारे किरण त्यात फारच कमी. ते दुपारच्या उन्हात, हात-पाय उघडे असताना मिळतात. बंद काचेतून येतच नाहीत.

प्रतिसाद

माझ्या आईला सलाईन दिली. पंधरा-वीस मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी होती, पॅरासिटामॉलवर दोन दिवसांत उतरली. आधी डी, कॅल्शियम आणि किडनी तपासून घेतली. दातांच्या डॉक्टरांकडेही नेलं होतं, कारण दात काढायचा असेल तर तो आधी काढून घेतलेला बरा. पित्त असेल तर मी सलाईनच सुचवेन, थायरॉइडच्या गोळीशी वेळेची भांडणंही टळतात.

आणखी एक, कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर निदान चार तासांनी द्या, नाहीतर थायरॉइडची नीट लागू पडत नाही. जेवणानंतर दिली तर कॅल्शियम कार्बोनेट चांगलं शोषलं जातं. आणि न्हाणीघरात पकडायला दांडा बसवून घ्या हो. माझी आई मोरीतच घसरली होती.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईंना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. उन्हाचं ऐकून थोड्या खट्टू झाल्या, पण सलाईनबद्दल "वर्षातून एकदाच ना?" असं स्वतःहून विचारलं. कॅल्शियम सकाळी थायरॉइडबरोबरच दिलं जात होतं, ते आजपासून दुपारच्या जेवणानंतर. एक शंका राहिली : त्यांची खालची एक दाढ हलते आहे. ती काढली तर सलाईन देण्याआधी किती थांबावं लागतं? कुणाला दंतवैद्यांनी काय सांगितलं होतं?