सल्ला हवा: केळीत आयुष्य गेलेले वडील आणि १३ वर्षांचा भाचा, दोघांनी मिळून काय बघावं, काय खेळावं?

रावेरची लेक:
आबांच्या (वडिलांच्या) गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दीड महिना शेतात पाय ठेवायचा नाही. ४० वर्षं केळीत गेलेला माणूस खाटेवर पडून खिडकीतून आभाळ बघतो आणि दर तासाला विचारतो, वारं कुठून आहे? मोठ्या बहिणीचा मुलगा सुट्टीला आलाय, त्याची मान मोबाइलमधून वर येत नाही. बाहेर ४४-४५ अंश. सकाळी दहानंतर दोघं एकाच खोलीत असतात, पण बोलणं शून्य.

दोघं सोबत बघतील असं काही सुचवा. आबांना सिनेमाचं वावडं नाही, पण खोटं शेत दिसलं की ते उठतात. परवा एका मालिकेत नायिका कोऱ्या साडीत कापूस वेचत होती. आबा म्हणाले, "हिच्या बोटाले एक ओरखडा नही." टीव्ही बंद. मारामारी आणि सासू-सून नको. मराठी, हिंदी दोन्ही चालेल. एखादा गेमही सांगा, मला त्यातलं काही कळत नाही.

शिरपूरवाला:
ताई, डोळे झाकून 'मंथन' लावा. श्याम बेनेगल, १९७६. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये काढून हा सिनेमा उभा केला. गावात दूध सोसायटी निघते आणि आजवर दूध विकत घेणारा डेअरीमालक, सरपंच, दलित वस्ती यांच्यात काय काय घडतं, ते आहे. सोसायटीच्या राजकारणात मुरलेल्या कुठल्याही खान्देशी माणसाला यातलं एकेक माणूस ओळखीचं वाटेल. २०२४ मध्ये नव्याने स्वच्छ केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली होती. मिळाली तर तीच बघा, रंग सुरेख आहेत.

आणि स्मिता पाटील आहे. तिचे वडील आमच्या शिरपूरचे, म्हणून आम्ही तिला आमचीच मानतो. पण तो अभिमान बाजूला ठेवूनही सांगतो, त्यात ती म्हशीजवळ बसते ना, तिथे नटी दिसत नाही.

धुये जिल्ह्याचा भो:
शिरपूरवाले भो, सिनेमा थोर आहे, पण १३ वर्षांचं पोरगं पहिल्या वीस मिनिटांत मोबाइल काढेल. आधी त्याला बांधून ठेवणारं द्या. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' बघा, २००८ चा माहितीपट, जेमतेम तासाभराचा. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण आमच्या धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर. तिथली पोरं स्वतःचा सुपरमॅन काढतात. क्रेन नाही म्हणून बैलगाडीवर कॅमेरा चढवतात, चालत्या दृश्यासाठी सायकल. सुपरमॅनचं काम करणारा पोऱ्या मागावर काम करणारा, काडीपैलवान. जुगाड बघून शेतकरी माणूस खूश होतो, हे मी माझ्या मोठ्या काकांवरून सांगतोय. शेवटाकडे मात्र गळा दाटतो. याच मंडळींवर रीमा कागतींनी केलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये आला. तो नंतर बघा. खरी माणसं आधी बघितली की त्यातला अभिनय जास्त कळतो.

तापीकाठ:
मी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) म्हणेन. दादासाहेब फाळके कुंडीत वाटाणा लावतात आणि रोज थोडं थोडं चित्रीकरण करून रोप वाढताना पडद्यावर दाखवतात. हे फाळक्यांनी खरंच केलं होतं, १९१२ मध्ये, पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी. आबांना हे दृश्य नक्की दाखवा. हा सिनेमा करणाऱ्या परेश मोकाशींचाच 'एलिझाबेथ एकादशी' भाच्यासाठी.

सोनगीरची सून:
'जैत रे जैत'. ठाकर आदिवासींचा मुलूख, मधमाश्या, आणि ना. धों. महानोरांची गाणी. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचा शेतकरी कवी, आबांनी नाव ऐकलेलंच असेल. 'पंचायत' या हिंदी वेब मालिकेचा पहिला सीझनही चालेल, ८ भाग आहेत. एखाददुसरी शिवी आहे, तेवढी तयारी ठेवा.

बॅकस्पेस जळगाव:
गेमबद्दल मी बोलतो, कारण तुमच्या घरासाठी अगदी नेमका गेम आहे: 'स्टारड्यू व्हॅली'. २०१६ मध्ये आला. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चारेक वर्षं खपून चित्रं, संगीत, गोष्ट सगळं केलं. मोबाइलवर मिळतो. एकदा विकत घ्यायचा, पुढे जाहिराती नाहीत, इंटरनेटही लागत नाही. कथेची सुरुवातच अशी की आजोबा नातवाच्या नावावर शेत ठेवून जातात आणि नोकरीला कंटाळलेला नातू ते कसायला येतो.

ऋतू चार, प्रत्येक २८ दिवसांचा. ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक मरतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात काय पेरायचं याचा हिशेब करावा लागतो. बटाट्याला ६ दिवस, फ्लॉवरला १२. पाऊस पडला तर पाणी द्यायचं नाही. बुजगावणं नसेल तर कावळे पीक खातात. गेममधल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात, ते रोज बघायचं. आबांना हेच तर हवंय ना?

मजकूर इंग्रजीत आहे, तो भाच्याने वाचून सांगायचा. मोबाइलचा पडदा टीव्हीवर घ्या. खेळेल भाचा, पण निर्णय आबांचे. असं वाटून दिलं तरच बोलणं होईल, नाहीतर पोरगं एकटंच पुढे पळेल. गेममध्ये केळीसुद्धा आहे, पण फार उशिरा, एका बेटावर गेल्यावर.

भाचा सराईत असेल आणि घरी संगणक असेल तर 'राजी' दाखवा. पुण्याच्या स्टुडिओचा २०२० चा गेम आहे. त्यात लढाई आहे, पण मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितल्यात. आबा बघायला बसतील.

रावेरची लेक:
नऊ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार.

धुळ्याच्या भाऊंचं ऐकून आधी मालेगावचा माहितीपट लावला. बैलगाडीवरचा कॅमेरा बघून आबा उठून बसले, म्हणाले परत दाखव. भाच्याने तीनदा दाखवला. 'मंथन' दोन बैठकांत झाला. भाच्याला जड गेला हे खरं, पण सोसायटीच्या निवडणुकीच्या प्रसंगानंतर आबांनी त्याला आपल्या गावच्या सोसायटीची सगळी कहाणी सांगितली. ती मीही कधी ऐकली नव्हती. वाटाण्याचं दृश्य त्यांना फार आवडलं, 'जैत रे जैत' अजून बाकी आहे.

पण खरं घर भरलंय ते स्टारड्यूने. सकाळी चहा झाला की आबा विचारतात, आज पानी हाये का? पहिल्या वसंतात त्यांनी फ्लॉवर लावायला सांगितला, भाचा म्हणाला बटाटा लवकर येतो. दोघांनी वहीत हिशेब मांडला. वहीत आबांच्या अक्षरात "बुजगावणं २" असं लिहिलेलं आहे. भाचा काल त्यांना विचारत होता, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांत फरक काय? आबांनी पाऊण तास सांगितलं, निसवणीपासून, म्हणजे घड बाहेर पडण्यापासून, तो कापेपर्यंत.

फक्त एका गोष्टीवर ते भडकलेत. भाच्याने कुठेतरी वाचलं की गेममधली केळी २८ दिवसांत तयार होते आणि दर उन्हाळ्यात त्याच झाडाला फळ देते. "केयीले झाड म्हनता का कोनी? एक घड दिला की खोड संपलं, पुढे पिलावर चालते. आन २८ दिवसात त मुळीबी धरत नही." हे चुकलेलं शेत आहे, पण या वेळी टीव्ही बंद केला नाही. म्हणाले, लावून बघू, तो कसा करतो ते दिसू दे.

तर बॅकस्पेस दादा, त्या बेटावर लवकरात लवकर कसं पोचायचं? भाच्याची सुट्टी १२ जूनपर्यंतच आहे.

बॅकस्पेस जळगाव:
ताई, आधी गावातलं जुनं पडकं सभागृह पुरं करावं लागतं. त्यासाठी वसंत, उन्हाळा आणि शरद या तीन ऋतूंमधलं पीक लागतं, म्हणून प्रत्येक पिकातला एकेक नग पेटीत ठेवा, सगळं विकू नका. मग कोळ्याची होडी दुरुस्त करायची. रोज दोन तास बसलात तर १२ जूनच्या आत जमेल. आबांना सांगा, शरद ऋतू लागला की एक भोपळ्याचा वाफा लगेच धरा.