मदत हवी आहे: ‘शाम्पू’ आणि आपलं ‘चेपणे’ एकाच मुळाचे का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. मुलीला सोमवारी शाळेत ‘शाम्पू’ शब्दाचं मूळ सांगायचंय. इंग्रजी कोशांत हिंदी ‘चाँपना’चं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’ दिलंय. 18व्या शतकात शब्द इंग्रजीत गेला तो अंग रगडणे, मालिश या अर्थाने. इंग्लंडमधल्या ब्रायटनला मूळच्या भारतीय शेख दीन महोमेद यांच्या स्नानगृहात तेच चालायचं. केस धुणं नंतरचं. एवढं पक्कं आहे.

अडलंय पुढे. आमच्याकडे आजी ‘जरा पाय चेपून दे गं’ म्हणतात, ते ‘चेपणे’ याच कुळातलं का? नेटवर नुसते अंदाज आहेत, बाईंना छापील आधार हवा. कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ माझ्याकडे नाही. कुणाकडे असल्यास ‘चेपणे’ आणि ‘चापणे’ या नोंदींचा फोटो टाकाल का? दोन्हींचं मूळ एकच दिलंय की वेगळं?