विसाव्या रात्री आग कोण राखतं?

लव्हाळी (धागालेखिका)

उद्या १ फेब्रुवारी. आयर्लंडमध्ये सेंट ब्रिजिडचा दिवस, आणि ख्रिस्ती धर्म यायच्या आधीपासूनचा इम्बोल्क, म्हणजे वसंताच्या चाहुलीचा सण. चाहूल म्हणजे नुसती चाहूलच हं. बाहेर आडवा पाऊस आहे, झाडांचे खराटे झालेत. फक्त मेंढ्या व्यायला लागतात, दूध येतं आणि दिवस लांबतो. डब्लिनला २१ डिसेंबरचा दिवस साडेसात तासांचा, १ फेब्रुवारीचा नऊच्या आसपास. पाच वाजता खिडकीबाहेर उजेड दिसला की इथली माणसं 'ग्रँड स्ट्रेच इन द इव्हनिंग्ज' म्हणतात. आपलं संक्रांतीचं तीळतीळ वाढणं, तेच हे.

मी हा सण धरला २०२१ मध्ये. किल्डेअर परगण्यातल्या एका केअर होममध्ये नर्स आहे. त्या जानेवारीत घरापासून ५ किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, आणि माझ्याकडे एक जादाचं काम आलं होतं: दारांवरच्या नावांच्या पट्ट्या काढून ठेवायचं. एका आठवड्यात चार काढल्या.

३१ तारखेला आमच्या स्वयंपाकघरातल्या बाई ओढ्याकाठची लव्हाळी घेऊन आल्या. लव्हाळी कापायची नाही, उपटायची. तिच्या काड्या एकमेकींत अडकवत मधे चौकोन आणि चार हात असलेला क्रॉस विणतात. त्यांनी प्रत्येक दारावर एकेक लावला. मी पट्ट्या काढलेल्या दारांवरही. मला म्हणाल्या, आज रात्री एक कापड बाहेर ठेव, ब्रिजिड जाता जाता हात लावून जाते. आईच्या साडीचा तुकडा खिडकीबाहेर टाकला. डोकेदुखीवर चालतो म्हणे. माझं डोकं काही थांबलं नाही, ते आधीच सांगून टाकते!

मला सावरलं ते त्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीनं. बाराव्या शतकात जिराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकानं किल्डेअरच्या मठातल्या अखंड आगीबद्दल लिहून ठेवलंय. एकोणीस जोगिणी एकेक रात्र आग राखायच्या. विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं ठेवायची, "ब्रिजिड, तुझी आग तू सांभाळ, आजची रात्र तुझी" असं म्हणायची आणि निघून जायची. सकाळी आग तशीच.

सलग रात्रपाळ्या करणाऱ्या बाईला हे ऐकून काय झालं असेल? मी दुसऱ्या दिवशी जाऊन एक रात्र सुट्टी मागितली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

मी देव मानत नाही. तरी विचारते: दुसऱ्यांचा, अर्धा विसरलेला सण धरून माणूस सावरतं का? माझं उत्तर हो. तुमचं?

खडूस काका

लव्हाळीताई, लिहिलंय छान, म्हणूनच जास्त राग आला.

इम्बोल्क हे नाव जुन्या आयरिश कथांत येतं, मेंढ्यांच्या दुधाशी त्याचा संबंधही तिथे आहे. त्या दिवशी लोक नेमकं काय करत, याची ख्रिस्ती धर्म यायच्या आधीची एक ओळ शिल्लक नाही. आज पेगन मंडळी, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे निसर्गदेव मानणारे, ज्याला वर्षचक्र म्हणतात, ते आठ सणांचं चाक विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जुळवलं गेलं. जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स या दोन पेगन पंथप्रमुखांच्या भोवतालच्या मंडळींचं ते काम. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने हे सगळं सोलून ठेवलंय.

आणि तुमची आग? ती ख्रिस्ती मठातली. लिहिणारा जिराल्ड ११८५ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्र जॉनच्या लवाजम्यातून आयर्लंडला आलेला, जिंकणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. त्याच ग्रंथात दाढीवाली बाईसुद्धा आहे. मठ मोडल्यावर आग विझली. १९९३ साली किल्डेअरच्या बाजारचौकात ती पुन्हा पेटवली, तीही कॅथलिक सिस्टर्सनी. यात पेगन काय उरलं?

थकलेल्या माणसाला सुट्टी हवी होती. त्यासाठी देवी कशाला?

रानजाई

काका, पेगन हा शब्दही त्या लोकांनी स्वतःला दिलेला नाही. लॅटिनमध्ये खेडवळ माणूस. शहरात नवा धर्म आला, खेड्यात जुना राहिला, म्हणून नाव ठेवलं, असं एक मत आहे. तेव्हा 'खरा पेगन कोण' हा वाद चर्चच्या दफ्तरातच शोभतो.

वर्षचक्र नवं आहे, मान्य. मग काय? सार्वजनिक गणपती १८९३ च्या सुमाराचा. त्याला किती पुरातन म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण मिरवणुकीत तुम्ही नाचला असालच.

खडूस काका

रानजाई, नाचलो. पण तो पाच हजार वर्षं जुना आहे असं सांगून कोणी वर्गणी मागितली नाही.

तिरकस

एक वाढवतो. आयर्लंड सरकारने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं: १८ मार्चला कोविडमध्ये गेलेल्यांच्या स्मरणार्थ एकदाची सुट्टी, आणि २०२३ पासून सेंट ब्रिजिडची सुट्टी कायम. बाईच्या नावाची तिथली ही पहिली सार्वजनिक सुट्टी. दिवस फेब्रुवारीचा पहिला सोमवार, आणि १ तारीख शुक्रवारी आली तर तो शुक्रवार. देवीसुद्धा लाँग वीकेंड बघूनच येते.

म्हणजे इथे आशा सरकारी गॅझेटातून आली. ताईंचं मन दुखवायचं नाही, पण आता पुढची पायरी ठरलेली: ब्रिजिड मेणबत्ती, ब्रिजिड रिट्रीट, ब्रिजिड टी-शर्ट.

लव्हाळी

तिरकस, टी-शर्ट आला. माझ्याकडे आहे.

काका, मठातली आग होती हे मी लिहिलंयच. ब्रिजिड देवी होती हेही मी मनानं म्हणत नाही. मघाशी म्हटलेल्या मेंढीच्या दुधाची नोंद ज्या दहाव्या शतकाच्या आसपासच्या कोशात आहे, त्यातच तिला कवींची देवी म्हटलंय, आणि तिच्या दोन बहिणी, वैद्यकी आणि लोहारकी सांभाळणाऱ्या. लिहिणारा ख्रिस्तीच होता. ती संत की देवी, याचा निकाल गावात कोणाला नको आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या बाई रविवारी चर्चला जातात आणि ३१ ला कापड बाहेर टाकतात.

सुट्टी हवी होती, अगदी बरोबर. पण ती मागणं मला नीच वाटत होतं. लोक मरतायत आणि मी झोपायला जाऊ? कुणी समुपदेशकानं हेच सांगितलं होतं, 'स्वतःची काळजी घ्या' असं. कानात शिरलं नाही. आग राखणाऱ्या बाईचं कळलं, कारण ती काम टाकून जात नाही, सोपवून जाते.

पऱ्हाटी

मी यवतमाळकडची. वाचून जरा चिडचिड झाली, म्हणून लिहिते आहे असं समजू नका, लिहिते आहे ते तुमच्या सगळ्यांच्याच विरोधात.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. तुमच्या ब्रिजिडसारखंच, ऐकायला गोड. पण पाऊस दडी मारतो त्या वर्षी झूल, बेगड, पुरणपोळी उधारीवर येते, आणि कापूस निघायच्या आतच गोठा रिकामा होतो. आता तर कितीक घरी मातीचेच बैल पुजतात. ऋतूचा सण आशा देतो, हे ज्याचं पोट ऋतूवर नाही त्यानं म्हणावं. ताई, तुमचा पगार मेंढीच्या दुधावर अवलंबून नव्हता.

तरी पोळा सोडा असं मी म्हणत नाही. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात. सरपंचापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची सालं काढतात, भरल्या गावासमोर, आणि त्या दिवशी कोणी कोणाचं तोंड धरत नाही. मला सण हवा तो त्यासाठी. धीर बिर नको, एक दिवस मोठ्यानं ओरडायला मिळालं पाहिजे.

तिरकस

पऱ्हाटीताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. मी पहिल्या रांगेत बसतो.

खडूस काका

पऱ्हाटी यांच्याशी सहमत. माझा आक्षेप मी इतिहासाच्या बाजूने नेला, तो या बाजूने न्यायला हवा होता.

रानजाई

मी नाही सहमत. मेंढ्यांवर जगणाऱ्यांनीच तर हा दिवस लक्षात ठेवला. फेब्रुवारीत साठवण संपत आलेली, गवत उगवलेलं नाही, अशात आलेलं पहिलं दूध. भरल्या कणग्यांचा सण नव्हे हा. ज्यांचं पोट ऋतूवर होतं, त्यांचाच होता.

पऱ्हाटी

असेल. मेंढी आटली त्या वर्षी काय म्हणत होते, ते कोणी लिहून ठेवलंय का?

आणि लव्हाळीताई, एक राहिलंच. त्या विसाव्या रात्री आग विझली असती तर बोल कोणाला लागला असता? ब्रिजिडला की शेवटच्या जोगिणीला?

लव्हाळी

जोगिणीला. मलाही तीच भीती होती.

त्या रात्री मी नऊ तास झोपले. सकाळी सहाला उठून आधी फोन लावला. कोणी गेलं नव्हतं. खोली क्रमांक सातमधल्या आजींनी लापशी मागून घेतली होती.

त्या पुढच्या आठवड्यात गेल्या. मी ड्युटीवर होते.