नऊ माणसांचे घर पुन्हा घरच्या जेवणावर कसे आणावे? (कोपरखैरणे)

सेक्टर_एकोणीस (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कोपरखैरण्यात राहतो. घरात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, माझे पती, मी आणि चौदा, नऊ व सहा वर्षांची तीन मुले, अशी नऊ माणसे एकाच चुलीवर जेवतात. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि पुढचे चार महिने रुग्णालयाच्या फेऱ्यांत गेले. त्या काळात पोळ्या बाहेरून येऊ लागल्या, मुलांच्या हातात संध्याकाळी नूडल्सची वाटी आली आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री पार्सल मागवले जाऊ लागले. सासरे आता काठी घेऊन नाक्यापर्यंत जाऊन येतात, पण मोडलेली जेवणाची घडी काही बसलेली नाही. परवा फडताळ आवरताना बिस्किटांचे अकरा पुडे निघाले, आणि त्यांच्या मागे गावाहून, म्हणजे कोरेगावहून, आलेला वाघ्या घेवडा पिशवीची गाठही न सोडता तसाच पडलेला होता. पिशवीच्या तळाशी किडीचा भुसा साचला होता. ते पाहून मला खरोखर लाज वाटली.

सासूबाईंची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली आहे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हा मधुमेह नव्हे, परंतु त्याचा उंबरठा आहे. खाण्यावर आमचे महिन्याला सुमारे चौतीस हजार रुपये खर्च होतात आणि त्यांतले नऊ हजार निव्वळ बाहेरच्या खाण्याचे असतात. जाऊबाई ठाण्याला नोकरीला असून ट्रान्स-हार्बरने घरी पोहोचेपर्यंत त्यांना सात वाजून जातात. पतींना महाप्याला पाळ्या असतात, आणि माझ्या शिकवण्या चार ते साडेसहा चालतात.

इंटरनेटवरचा एक तक्ता मी महिनाभर पाळून पाहिला. त्यात ओट्स, किन्वा, ऑलिव्ह तेल आणि बदाम होते. पहिल्या आठवड्यातच किराणा इतका महागला की दिरांनी यादी हातात घेऊन दोनदा वाचली. मुलांनी ओट्स ताटात ठेवले. सासूबाई मात्र निमूटपणे सगळे खात होत्या. नंतर कळले की दुपारी त्या शेजारच्या काकूंकडे भाकरी खाऊन येत होत्या. तीन प्रकारचे तीन स्वयंपाक न करता आणि खर्च न वाढवता सुरुवात नेमकी कुठून करावी, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

नौपाड्याच्या_काकू

ताई, तुमच्या सासूबाईंनी शेजारी जाऊन खाल्लेली भाकरी हेच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. आमचे घर एकेकाळी अकरा माणसांचे होते, म्हणून अनुभवाने सांगते की मोठ्या घराचे जेवण सकाळी किंवा दुपारी बिघडत नाही, ते संध्याकाळी पाच ते आठ या वेळात बिघडते. त्या वेळी मुले शाळेतून भुकेली येतात, करणारी बाई कामात असते आणि डब्यात खाण्याजोगे काही नसते. तुम्ही तर नेमक्या त्याच वेळी शिकवण्या घेता. तेव्हा रात्रीचे जेवण सुधारण्याआधी पाच वाजताचे खाणे सुधारा. बिस्किटे बंद करा असे मी म्हणत नाही. फक्त ती वरच्या फळीवर ठेवा आणि हाताला येईल अशा जागी उकडलेल्या शेंगा, भाजलेले चणे, दडपे पोहे किंवा भाजणीच्या थालीपिठाचा मळलेला गोळा ठेवा. चौदा वर्षांच्या मुलाला थालीपीठ लावता आलेच पाहिजे. आमच्याकडे मुलगे लावत असत आणि भोकेही नीट पाडत असत.

दुसरे म्हणजे रात्री झोपण्यापूर्वी काही ना काही भिजत घातलेले असले पाहिजे. चवळी, मटकी, हिरवे मूग, मसूर, हरभरे, वाल, यांपैकी काय भिजले आहे त्यावरून दुसऱ्या दिवशीचा बेत आपोआप ठरतो आणि 'आज काय करू' या विचारात जाणारा अर्धा तास वाचतो. पार्सलचा फोन बहुतेक वेळा त्याच अर्ध्या तासात लावला जातो. भिजवायचे राहूनच गेले, तर कुळथाचे पिठले दहा मिनिटांत होते.

तीन स्वयंपाकांचा प्रश्न असा सोडवता येईल. उसळ एकच शिजवायची, बेताचे मीठ घालायचे आणि तिखट घालण्यापूर्वी म्हातारी माणसे व धाकटे मूल यांच्यासाठी दोन वाट्या बाजूला काढून ठेवायच्या. उरलेल्या उसळीला लसूण-मिरचीची वरून फोडणी दिली की तरुण मंडळींचीही तक्रार राहत नाही. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, मध्ये भात आणि वरच्या डब्यात चिरलेला दुधी किंवा लाल भोपळा लावला, तर गॅसही वाचतो.

पावसाळा लागला की एखाद्या रविवारी ठाण्याला या. येऊरच्या बायका टाकळा, कुरडू, करटोली अशा रानभाज्या घेऊन बसतात. टाकळ्याच्या भाजीत भिजवलेली मूगडाळ घालावी. शेवळे मात्र माहीतगार माणसाला विचारल्याशिवाय करू नका, कारण काकडे (शेवळांबरोबर मिळणारी आंबट फळे) किंवा चिंच घालून नीट शिजवली नाहीत तर घशाला भयंकर खाज सुटते.

रबाळे_रात्रपाळी

एवढा विचार कशाला करायचा? आठवड्यातून एकदा पहाटे वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात, जावे आणि सगळी भाजी घाऊक भावात उचलावी. निम्मा खर्च तिथेच वाचेल.

आहारशास्त्राची_विद्यार्थिनी

काकूंनी सांगितलेल्या गोष्टींना मी फक्त आकड्यांची जोड देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी साधारण २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांसाहार करणाऱ्यांनी अंडी-मासे त्यातच धरावेत) आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिलेले आहे. हे प्रमाण प्रौढ माणसाचे आहे, हे लक्षात ठेवून तुमच्या घराचा हिशेब करून पाहा.

नऊ माणसांना ८५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला जवळजवळ २३ किलो डाळी-कडधान्ये लागतात. मुले लहान आहेत, आठवड्यातून दोनदा अंडी किंवा मासे होत असतील, असे धरून हा आकडा १६-१७ किलोंवर आणला तरी चालेल. आता तुम्ही प्रत्यक्षात किती आणता ते बिलावर पाहा. बहुतेक घरांत तो आकडा सहा-सात किलोंच्या पुढे जात नाही आणि त्यातही बहुतेक तूरडाळच असते, जी या सर्वांत महागड्यांपैकी एक आहे. मसूर, चवळी, मटकी किंवा कुळीथ यांच्यातील प्रथिने तूरडाळीच्या तोडीची असतात. वरणात निम्मी मसूर मिसळली तर मुलांच्या लक्षातही येत नाही.

तेलाचा हिशेब याच्या उलट निघण्याची शक्यता आहे. २७ ग्रॅमप्रमाणे नऊ माणसांना महिन्याला ७.३ किलोंच्या आसपास, म्हणजे सुमारे आठ लिटर तेल-तूप पुरेसे होते. यात तूपही आले आणि तळणही आले. पाच लिटरचा डबा आणल्यावर त्यावर तारीख लिहून ठेवा, म्हणजे तो किती दिवसांत संपतो हे समजेल. तेलातल्या बचतीतूनच कडधान्यांची वाढ बरीचशी भागते, असे मला वाटते.

सासूबाईंविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ज्वारीची भाकरी चांगली असली तरी ती औषध नव्हे. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. दीड भाकरी, वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ आणि वाटीभर भाजी असे ताट असावे, आणि जेवणानंतर घरातल्या घरात का होईना, पंधरा मिनिटे चालावे. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र डाळींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावे. सासऱ्यांच्या हाडांसाठी नाचणी जरूर वापरा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि तेवढ्याच दुधात साधारण १२० मिलिग्रॅम असते. जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते.

वाघ्या घेवडा हा राजम्याच्याच जातीचा आहे. तो मोड आणून अर्धाकच्चा खाऊ नये. रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा.

तुर्भे_गाळा

मी बाजार आवारातच काम करतो, म्हणून रबाळ्याच्या दादांशी असहमती नोंदवतो. घाऊक बाजारात जाणे स्वस्त पडते, पण ते सगळ्याच मालाला लागू होत नाही. पालेभाजी घाऊक घेणे म्हणजे पैसे कचऱ्यात टाकणे आहे. मेथीच्या पंधरा जुड्या पहाटे स्वस्त मिळाल्या, तरी त्या निवडणार कोण आणि तीन दिवसांत खाणार कोण? त्यात जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे धरले की बचत उरत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी हा प्रयोग केला होता. चौथ्या दिवशी त्यांच्या फ्रिजमधून निघालेली कोथिंबीर मी स्वतः पाहिली आहे.

कांदे, बटाटे, लसूण, गूळ, चिंच, धान्य आणि कडधान्ये यांसाठी मात्र अवश्य यावे, तेही एकट्याने नव्हे. इमारतीतील तीन-चार घरांनी मिळून महिन्यातून एकदा कांदा-बटाटा बाजारातून गोणी घ्यावी आणि दाणाबाजारातून कडधान्ये घेऊन घरी तागडीवर वाटून घ्यावीत. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत, कारण एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब येतात. पालेभाजीसाठी जवळपास शेतकरी आठवडे बाजार भरतो का, याची चौकशी करावी. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळल्यानंतर शेतकऱ्यांना थेट विक्रीची वाट मोकळी झाली, आणि तिथे आलेला माल बहुधा आदल्या दिवशीचाच असतो. बाजार उठण्याच्या सुमारास गेलात तर भावही उतरलेला असतो. फक्त तेव्हा निवडायला फारसे काही उरत नाही, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक. तुमची शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची असेल, तर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. पुष्कळ घरांची नावे वगळली गेलेली असतात किंवा लहान मुलांची नावे चढवलेलीच नसतात. ती तपासून घ्यावीत.

सेक्टर_एकोणीस

तीन आठवड्यांनी उत्तर देत आहे, त्याबद्दल क्षमस्व. आधी काही करून पाहावे आणि मगच लिहावे, असे ठरवले होते.

बिलांचा हिशेब मांडल्यावर आहारशास्त्राच्या ताईंचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. गेल्या महिन्यात आम्ही साडेसहा किलो डाळी आणल्या होत्या, त्यांतली पाच किलो तूर होती; आणि तेल अकरा लिटर आले होते. या महिन्यात शेजारच्या दोन घरांबरोबर दाणाबाजारातून मसूर, चवळी, मटकी आणि कुळीथ आणले. शिधापत्रिकेवर धाकट्या मुलीचे नाव खरोखरच नव्हते; त्यासाठी अर्ज दिला आहे.

पाच वाजताच्या खाण्याने सर्वांत जास्त फरक पडला. शिकवणीला बसण्यापूर्वी मी थालीपिठाचा गोळा झाकून ठेवते आणि थोरला मुलगा तवा ठेवतो. त्याचे पहिले थालीपीठ महाराष्ट्राच्या नकाशासारखे झाले होते आणि कोकणपट्टी करपली होती, पण भावंडांनी ते भांडून खाल्ले. आता सात-साडेसातला मुले पार्सलचा विषय काढत नाहीत, कारण पोटात काहीतरी असते.

सगळेच जमले असे मात्र नाही. मटकीला मोड आणताना दमट हवेत दोनदा वास आला आणि ती फेकावी लागली. आता कापडात बांधण्यापूर्वी आणि बांधल्यावरही दिवसातून दोनदा धुऊन निथळते. नाचणीची भाकरी सासऱ्यांनी एक घास घेऊन बाजूला सारली. त्यांना आता सकाळी ताक घातलेली नाचणीची आंबील देतो, ती ते पितात. दिरांचा शनिवारी बाहेरचेच खाण्याचा हट्ट कायम आहे. त्यावर वाद न घालता महिन्यातून दोन शनिवार बाहेरचे ठरवले आहेत आणि त्यातला एक मिसळीचा आहे. बाहेरच्या खाण्याचा खर्च तीन आठवड्यांत साडेतीन हजारांच्या आत राहिला आहे. सासूबाईंची तपासणी अजून दोन महिन्यांनी आहे, त्यामुळे त्याबद्दल आताच काही सांगता येत नाही.

घेवड्यातला किडका भाग पाखडून टाकल्यावर दीड किलो चांगला निघाला. त्याची आमटी सासूबाईंनी स्वतः ओट्याशी उभे राहून केली, कांदा-खोबरे भाजून वाटण लावले आणि मला फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितले. जाऊबाई स्टेशनवरून आल्या, तेव्हा त्यांनी दारातच चप्पल काढता काढता विचारले की कोण आले आहे गावाहून. तो घेवडा आता संपत आला आहे. कोरेगावला फोन करून आणखी पाच किलो मागवला आहे आणि या वेळी पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पाठवा, असेही सांगितले आहे.