मदत हवी आहे : वारीचे फोटो निवडता येत नाहीयेत

घाटमाथा : मंडळी, जरा लवकर सांगा. परवा दहा फोटो द्यायचे आहेत आणि माझी निवड अडीचशेच्या खाली उतरत नाही. सगळे बरे वाटतात, जबरदस्त एकही वाटत नाही. गेली काही वर्षं माझे फोटो आहेत तिथेच आहेत. निवड कडक कशी करायची? आणि नवीन काय करून बघायचं?

मृण्मयी_क : कुठे द्यायचेत? स्पर्धा की प्रदर्शन? सुटे फोटो चालतील की मालिका हवी?

टेलीवाला : लेन्स कोणती? दूरचं जवळ आणणारी ७०-२०० एफ २.८ घ्या, जुनी चांगली मिळते. दिवे घाटात वरच्या वळणावरून पताकांची रांग अशी दाबून येते की बस! माझं सगळं काम त्या लेन्सनंतर सुधारलं.

सदाफुली : त्यांना परवा फोटो द्यायचेत, लेन्स घेऊन आता काय करतील? आणि घाटाच्या वळणाचा तो फोटो दरवर्षी प्रत्येकाकडे असतो.

घाटमाथा : गावच्या वाचनालयात आषाढीला लावायचेत, १२ बाय १८ च्या प्रिंट. माउलींची पालखी, पुणे ते सासवड. लेन्स २४-१०५.

जुना_डार्करूम : स्क्रीनवर निवडू नका. अडीचशेच्या ४ बाय ६ स्वस्तातल्या प्रिंट काढा आणि सतरंजीवर पसरा. सारखे फोटो एकत्र करा : पताका, डोक्यावर तुळस, टाळकरी, पंगत. प्रत्येक गठ्ठ्यातून एकच उचला. घाट चढून दमून काढलेला फोटो आपल्याला प्रिय असतो, पण ती दमछाक बघणाऱ्याला दिसत नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड म्हणूनच फिल्मचे रोल वर्ष-वर्ष धुवायचे नाहीत, काढतानाचा भर ओसरू द्यायचे.

मृण्मयी_क : विनोग्रँड १९८४ मध्ये गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले राहिले. निवड पुढे ढकलण्याचा हा आदर्श मला पटत नाही. ‘द अमेरिकन्स’ पुस्तकवाले छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक बघा. अमेरिकेत फिरून ७६७ रोल काढले, पुस्तकात घेतले ८३ फोटो.

जुना_डार्करूम : मी थांबायला सांगतोय, टाळायला नाही. निदान आजची रात्र तरी मध्ये जाऊ द्या.

बॅकअप_करा : अडीचशे उरले म्हणजे मूळ हजारो असणार. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या डिस्क, एक प्रत घराबाहेर. माझ्या मित्राची हार्डडिस्क गेली तेव्हा दोन वारींचे फोटो गेले.

सासवडची_लेक : पुढच्या वर्षी घाटावर थांबूच नका, मुक्कामाला या. संध्याकाळी तंबूत, टेम्पोच्या आडोशाला खरी वारी दिसते. पण विचारून काढा, अंघोळीच्या जागी कॅमेरा नको.

घाटमाथा : प्रिंट आणल्या, अठरावर आलोय. एक अडलाय. टेम्पोच्या चाकाला टेकून आजी पायाचा फोड सुईने फोडतायत. हात, सुई, भेगाळलेली टाच स्पष्ट. चेहरा पदराआड. घ्यावा?

टेलीवाला : चेहरा नाही तर भाव कुठून येणार? काढून टाका.

सदाफुली : मुळीच काढून टाकू नका. टाचेतच सगळी वाट दिसते. पताकांचे दोन असतील तर त्यातला एक काढा आणि हा ठेवा.

सासवडची_लेक : ठेवा. आमच्याकडे दरवर्षी अशा आज्या येतात, गावच्या लोकांना लगेच कळेल.

जुना_डार्करूम : ठेवा. आता तुमचा दुसरा प्रश्न. पुढच्या वेळी लेन्स ३५ मिमीवर चिकटपट्टीने पक्की करा. टाळकऱ्यांजवळ जाऊन शटर १/१५ सेकंद ठेवा : चेहरा स्थिर, हात पुसट. बरेच फुकट जातील. रिंगणात १/३० वर अश्वाबरोबर कॅमेरा फिरवा.

टेलीवाला : १/१५ ला हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर चालू ठेवायचा की बंद?

घाटमाथा : टाचेचा घेतला, पताकांचा एकच ठेवला. अजून सात काढायचेत. टाळकऱ्यांचे दोन आणि पंगतीचे दोन आहेत, रात्री परत सतरंजीवर मांडतो. १/१५ ला आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, किती ठेवता? भर दुपारी फोटो पांढरा पडेल ना?

जुना_डार्करूम : आयएसओ १००, लेन्सचं छिद्र बारीक म्हणजे एफ २२, तरी उन्हात पांढरा पडेल. प्रकाश कमी करणारी गडद काच, म्हणजे एनडी फिल्टर लावा, नाहीतर ढग येईपर्यंत थांबा.