अनुभव धागा : ऑफ-रोड बाईक किकला दाद देत नाही तेव्हा

चिखलामातीत चालणारी सिंगल सिलिंडर बाईक किक मारून मारूनही चालू होत नसेल, तर काय तपासलं आणि काय सापडलं ते इथे लिहा. इंजिन थंड असताना अडतं, गरम असताना, की बाईक पडल्यावर, हे आधी सांगा. मोजलेला आकडाही द्या. 'कार्ब (कार्बुरेटर) साफ केला, चालू झाली' एवढ्यावरून पुढच्याला काहीच कळत नाही.

\*

चोक ओढल्यावर चालू होते आणि चोक बंद करताच मरते, असं असेल तर बहुतेक वेळा पायलट जेट, म्हणजे कार्बमधली आयडलला पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी. ४२ नंबरच्या जेटचं भोक जेमतेम ०.४२ मिमी असतं. महिनाभर पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा त्याला पुरतो. जेट काढून उजेडासमोर धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. लोखंडी तार घालू नका, भोक मोठं झालं की तो जेट गेला.

मग कार्बवरचा मिश्रणाचा स्क्रू. हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा. फ्युएल स्क्रू तीन फेरे उघडूनही आयडल सुधारतच राहिलं तर पायलट एक नंबर मोठा हवा. एक लक्षात असू द्या: इंजिनाच्या बाजूचा फ्युएल स्क्रू बाहेर घेतला की मिश्रण गडद होतं (पेट्रोल वाढतं), एअरबॉक्सकडचा एअर स्क्रू आत घेतला की गडद होतं. हे उलटं करून लोक तासन्‌तास किका मारतात.

\*

चोक ओढलाय तर किक मारताना थ्रॉटल उघडू नका. चोकची वाट इंजिनाच्या ओढीवर चालते. थ्रॉटल उघडलं की ओढ कमी होते आणि चोक असून नसल्यासारखा.

\*

फोर-स्ट्रोक असेल आणि धक्का मारून चालू होते पण किकने नाही, तर कार्बला हातच लावू नका. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, मोजा. टायटॅनियम व्हॉल्व्हचा कठीण थर झिजला की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत शिरतो आणि गॅप कमी होतो. शेवटी व्हॉल्व्ह नीट बसतच नाही. किकच्या वेगाने इंजिन हळू फिरतं, दाब निसटायला वेळ मिळतो. धक्क्यात वेग जास्त, म्हणून तिथे चालून जातं.

इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या जागी), खूण तंतोतंत जुळलेली. खूण थोडी अलीकडे राहिली तर डीकॉम्प्रेसर (किक हलकी करणारी यंत्रणा) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दाबून धरतो आणि माप चुकतं. समजा मॅन्युअलमध्ये इनटेक ०.१० ते ०.१५ मिमी आहे, फीलर गेज ०.०५ दाखवतो आणि आतला शिम (गॅप ठरवणारी चकती) १.८० आहे. १.७५ चा शिम टाकला तर गॅप ०.१०, १.७० चा टाकला तर ०.१५. इनटेकचा गॅप पुढे कमीच होत जाणार, म्हणून मी १.७० निवडेन.

शिम बदलून थोड्याच तासांत गॅप पुन्हा मिटला, तर आणखी पातळ शिम टाकत बसणं धोक्याचं आहे. व्हॉल्व्ह बदला आणि त्याच वेळी सीट कापून घ्या. खराब सीटवर नवा व्हॉल्व्ह लवकरच तसाच होतो.

\*

वरच्याला जोड: ऑटो डीकॉम्प्रेसर असलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन गेज खरा आकडा दाखवत नाही. लीक-डाउन, म्हणजे हवा कुठून गळते याची तपासणी, करा. टीडीसीवर हवा भरून कान लावा. कार्बमधून फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

\*

थंड असताना एका किकमध्ये चालू, तापल्यावर बंद, अर्ध्या तासाने पुन्हा चालू. हा करंटचा दोष असू शकतो. बंद पडल्या क्षणी स्पार्क तपासा, गार झाल्यावर तपासून काही हाती लागत नाही. प्लग हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर, पेट्रोलची वाफ पेटते. नवा प्लग लावूनही करंट नसेल तर किल स्विचची वायर सोडवून बघा, ही फुकटची तपासणी लोक विसरतात. त्यानंतर पिकअप आणि स्टेटर (मॅग्नेटजवळच्या कॉइल) यांचा रेझिस्टन्स गार आणि गरम, दोन्ही वेळा मोजा. स्पार्क चांगला असूनही किक उलटी बसत असेल तर मॅग्नेटची चावी तुटून टायमिंग सरकलं आहे का ते पाहा.

\*

पडल्यावर ओव्हरफ्लो झाली तर: चोक बंद, पेट्रोल कॉक बंद, किल स्विच दाबून थ्रॉटल पूर्ण उघडं आणि पाच-सहा सावकाश किका. मग किल स्विच सोडून, थ्रॉटल बंद करून एक पूर्ण किक. हॉट स्टार्ट लीव्हर (गरम इंजिनाला जादा हवा देणारा) असेल तर तो या वेळी ओढा. अ‍ॅक्सिलरेटर पंपवाल्या कार्बमध्ये प्रत्येक पिळाबरोबर पेट्रोलची पिचकारी उडते. थंडीत दोन पीळ उपयोगी, गरम इंजिनात एकही नको.

\*

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी. रीड (इनटेकची पाकळ्यांची झडप) काढून उजेडासमोर धरा, पाकळीचा कोपरा तुटला असेल किंवा फट दिसली तर बदला. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील गेलं की बाहेरची हवा शिरते, किक लांबते आणि आयडल आपोआप चढतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबत नाही. कॉक उघडा ठेवून बाईक उभी केली आणि फ्लोटची नीडल गळत असेल तर क्रँककेस पेट्रोलने भरतो. तेव्हा प्लग काढून, कॅप बाजूला अर्थ करून, किका मारत तो रिकामा करा.

\*

फ्युएल इंजेक्शनमध्ये आधी बॅटरी. स्टार्टर फिरतोय म्हणजे व्होल्टेज पुरेसं आहे असं नाही, क्रँकिंग चालू असताना मोजा. मग टाकीच्या पाइपातला छोटा फिल्टर बदला.